आचार्य धर्मानंद कोसंबी : एक निःस्पृह अध्यापक

१८५३ साली बोरीबंदराहून पहिली आगगाडी आमच्या ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी तिचे रूळ कल्याणास जाऊन पोहोचले. तेव्हापासून ह्या भागातील घरोघरी एक हिशेब अखंड चालू आहे. मुंबईस वेतन किती मिळेल, गाडीच्या पासास किती लागेल, बिऱ्हाड ठाण्यास करावे की डोंबिवलीस, मुलांची फी भरून महिनाअखेर हाती काय उरेल, हाच तो हिशेब होय. अलीकडे त्याची मजल समुद्रापलीकडे गेली आहे. घरातील एखादा पदवीधर मुलगा आखातात, सिंगापुरास किंवा चीन-जपानकडे शिक्षकाची जागा मिळते काय हे पाहू लागला, म्हणजे आईबाप कागद-पेन्सिल घेऊन बसतात. तिकडील वेतनाचे रुपये किती होतात हे प्रथम मांडले जाते. तिकडील घरभाडे व जेवणखाण ह्यांचा आकडा पुष्कळदा मागाहून सुचतो. आणि ज्या आकड्यांना कागदावर जागाच नसते, ते तर बहुधा कोणी मांडीतच नाही.

हा हिशेब करणे आम्ही कमीपणाचे मानीत नाही. ज्या घरात तो होत नाही, त्या घरास कर्जाची वाट सापडावयास उशीर लागत नाही. परंतु तो पुरा कसा करावा हे शिकावयाचे असेल, तर एका अध्यापकाचे चरित्र आमच्या वाचकांपुढे असावे असे आम्हांस वाटते. हा अध्यापक कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. तरी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यास एकदा नव्हे, चार वेळा बोलाविले. त्याने मोठे वेतन सोडून लहान पत्करिले, आणि प्रसंगी परदेशचे वेतनही घेतले. ते आचार्य धर्मानंद कोसंबी होत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ ह्या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर. घरी नारळीच्या बागेचे उत्पन्न होते. लहानपणी प्रकृती अशक्त असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण तुटक तुटकच झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे लवकरच लग्न झाले व घरची बाग सांभाळण्याचे काम अंगावर पडले. अशा स्थितीत बालबोध नावाच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला. हे मासिक विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ साली मराठी मुलांकरिता सुरू केले होते. त्यात बुद्धाचे लहानसे चरित्र होते. ते वाचून ह्या तरुणाच्या मनाने असा ठाव घेतला की, बुद्धाने काय शिकविले हे मुळातून जाणून घेतल्यावाचून आपले जिणे व्यर्थ होय, असे त्यास वाटू लागले. मुलांच्या मासिकातील चार पाने काय करू शकतात ह्याचा हा दाखला आहे. आमच्या वार्षिक अंकात लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

१८९८ साली वडील वारले. पुढल्या वर्षी, म्हणजे १८९९ साली, धर्मानंदांस माणिक नावाची कन्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी घर सोडिले. बुद्धाचा धर्म समजावयाचा तर आधी संस्कृत आले पाहिजे, म्हणून ते पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचा त्यांस आश्रय मिळाला. पुढे ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी शास्त्र्यांपाशी संस्कृताचे अध्ययन केले. जवळ पैसा नाही, ओळखीचे मनुष्य नाही आणि प्रकृती तोळामासा, अशी त्यांची त्या वेळची अवस्था होती.

१९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या त्या देशात त्याची शिकवण जिवंत सापडेल अशी त्यांची आशा होती, ती फोल ठरली. मग ते सिंहलद्वीपास गेले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली भाषेचे शिक्षण घेण्यास त्यांनी आरंभ केला व श्रामणेराची दीक्षाही घेतली. पाली भाषेस स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहितात आणि ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या अक्षरांत. धर्मानंद दोन्ही देशांत राहिले व तेथील ग्रंथ तेथल्या अक्षरांत वाचावयास शिकले. जे ज्ञान हिंदुस्थानातून शतकानुशतके नाहीसे झाले होते, ते भिक्षापात्र घेऊन एका गोमंतकीयाने परत मिळविले.

ह्या विद्येची किंमत कोणी दिली हे येथेच सांगितले पाहिजे, कारण चरित्रलेखक बहुधा ते सांगावयाचे विसरतात. धर्मानंद अन्नछत्रात जेवत होते व विहारात राहत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी बाळाबाई तान्ह्या मुलीस घेऊन गोव्यात होत्या. पती कोठे आहे, परत येईल की नाही, हे सांगणारे कोणी नाही, अशा स्थितीत त्या माउलीने सुमारे सात वर्षे आप्तांच्या आधाराने काढिली. धर्मानंदांच्या विद्येच्या जमाखर्चात ही सात वर्षे खर्चाच्या बाजूस मांडिल्यावाचून तो जमाखर्च खरा होत नाही. आम्ही त्यांस थोर मानतो ते हा खर्च झाकून नव्हे.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. सरकारी शिक्षणास पर्याय म्हणून तेथे त्याच वर्षी राष्ट्रीय महाविद्यालय उघडले होते व अरविंद घोष त्याचे पहिले प्राचार्य होते. तेथे पाली शिकविण्याचे काम धर्मानंदांस मिळाले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही सर आशुतोष मुकर्जी ह्यांच्या आश्रयाने पालीच्या अध्यापनाची सोय झाली. भिक्षूची वस्त्रे त्यांनी उतरविली, गोव्यास जाऊन घरच्या माणसांची भेट घेतली आणि संसार पुन्हा सुरू केला. १९०७ साली त्यांस मुलगा झाला. आजोबांचे दामोदर हे नाव त्यास ठेविले.

आता त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग आम्ही मुख्य मानतो तो येतो. कलकत्त्यास त्यांना दरमहा २५० रुपयांपर्यंत वेतन मिळण्यासारखे होते. पदवी नसलेल्या मनुष्यास त्या काळी ही प्राप्ती अपूर्वच म्हणावयाची. परंतु बंगालात राहून आपल्या महाराष्ट्रास ह्या विद्येचा काय उपयोग, हा प्रश्न त्यांच्या मनास सतत टोचीत होता. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांची व त्यांची ह्या सुमारास गाठ पडली. महाराजांनी त्यांस कळविले की, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून त्यांनी ग्रंथरचना करावी, बडोदे सरकार तीन वर्षे दरमहा ५० रुपये देईल. एका पारड्यात अडीचशे आणि दुसऱ्यात पन्नास. धर्मानंदांनी पन्नास घेतले व १९०८ साली ते कलकत्ता सोडून इकडे आले.

वाचकहो, हा त्याग ब्रह्मचाऱ्याचा नव्हता. घरी पत्नी होती, नऊ वर्षांची मुलगी होती व वर्षाचा मुलगा होता. हे पन्नास रुपये उपासमारीचे नव्हते हे खरे, पण चैनीचे खासच नव्हते. मग त्यांनी ते का पत्करिले? आम्हांस ह्याचे उत्तर आमच्या घराशेजारीच सापडते. साष्टीतील कान्हेरीची लेणी आपणांपैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असतील. तेथील भिंतींवर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले लेख कोरलेले आहेत. त्यांत कल्याणच्या व सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे खर्चून भिक्षूंकरिता लेणी व पाण्याची टाकी खोदविली. सोपाऱ्यास तर १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी स्तूप उकरून काढिला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. हे लेख प्राकृतात आहेत. पाली भाषा ह्या प्राकृताची सख्खी बहीण होय. ज्या प्रांताच्या डोंगराडोंगरांत बुद्धाच्या अनुयायांची वस्ती होती, त्याच प्रांतात त्याची वचने मुळातून वाचणारा मनुष्य शोधून सापडू नये, ही उणीव धर्मानंदांस सलत होती. ती भरून काढणे त्यांस दरमहा दोनशे रुपयांहून मोलाचे वाटले.

त्या पन्नास रुपयांचे फळ लवकरच दिसू लागले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने बुद्ध, धर्म आणि संघ ह्या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. डॉ. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली भाषेचा प्रवेश करविण्यातही त्यांस यश आले. आज आमच्या प्रांतातील जो विद्यार्थी महाविद्यालयात पाली घेतो, तो त्या लहानशा वेतनाचा ऋणी आहे.

ह्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असता धर्मानंदांशी त्यांचा परिचय झाला. हार्वर्ड येथे हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या पंडिताने बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्ग ह्या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम आरंभिले होते. ते अपुरे टाकून तो १८९९ साली वारला होता. ते पुरे करण्यास संस्कृताचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन ह्यांस जाणता मनुष्य हवा होता. वुड्स ह्यांनी धर्मानंदांचे नाव सुचविले. १९१० साली ते इंग्लंडमार्गे अमेरिकेस गेले. ज्याने शाळाही धड पुरी केली नव्हती व ज्याचे इंग्रजी बहुतेक स्वतःच्याच खटपटीने झालेले होते, त्यास हे निमंत्रण आले होते.

परदेशच्या वेतनाविषयी येथे चार शब्द लिहितो. त्या काळी १५ रुपयांस एक पौंड मिळे आणि एका पौंडास सुमारे ४.८६ डॉलर. म्हणजे डॉलरची किंमत तीन रुपयांहून किंचित अधिक पडे. बडोद्याचे पन्नास रुपये अमेरिकेत जेमतेम १६ डॉलर झाले असते. उलट, अमेरिकेत मिळालेल्या प्रत्येक डॉलरचे इकडे तीन रुपये दिसत. परंतु डॉलर मिळविणाऱ्यास तो डॉलरनेच खर्चावा लागतो. बोस्टनजवळच्या त्या केंब्रिज नगरात हिवाळ्यात बर्फ पडते. तेथे धोतर-उपरण्यावर भागत नाही. लोकरीचे कपडे, खोलीचे भाडे, शेगडीचा कोळसा, धुलाई आणि जाण्यायेण्याचा आगबोटीचा प्रवास, हे सर्व वजा केल्यावर जे उरते तेच खरे वेतन. तिकडील आकड्यास तिनाने गुणून इकडील वाण्याच्या भावाने भागणे ही हिशेबाची चूक आहे, आणि आजही परदेशी जाणाऱ्यांच्या घरी ती रोज होते.

आणखी एक रकम असते, ती पैशात मांडता येत नाही. ती म्हणजे केलेल्या कामावरील आपले नाव. ग्रंथाच्या संपादनाचे श्रेय कोणास किती द्यावे ह्याविषयी लॅनमन ह्यांच्याशी धर्मानंदांचा मतभेद झाला. ते केवळ वेतनावर ठेविलेले साहाय्यक आहेत की स्वतंत्र संशोधक आहेत, हाच प्रश्न होता. वेतन घेऊन गप्प बसणे त्यांस सोपे होते. परंतु १९१२ साली ते काम तसेच ठेवून परत आले. पुढेही हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. १९४० साली धर्मानंदांनी स्वतः संपादिलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढिली. हार्वर्डची रोमन आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० साली छापली गेली. तिच्यावर वॉरन ह्यांचे नाव संपादक म्हणून व कोसंबींचे नाव संशोधन करणारे म्हणून आहे. वेतन महिन्याच्या महिन्यास मिळाले, पण नावास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

परत आल्यावर १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. आगरकर, गोखले ह्यांनी अल्प वेतनावर वीस वीस वर्षे शिकविण्याचे व्रत जेथे घेतले, तीच ही संस्था. येथे त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे असे विद्यार्थी तयार झाले व पुढे तेच पालीचे नामांकित अध्यापक झाले. ह्याच काळात बुद्धलीलासारसंग्रह हे त्यांचे सुबोध पुस्तक १९१४ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकाची खरी शिल्लक विद्यार्थ्यांच्या रूपाने असते हे खरे मानले, तर धर्मानंद ह्या सहा वर्षांत श्रीमंत झाले असे म्हणावे लागेल.

१९१८ साली हार्वर्डहून पुन्हा बोलावणे आले आणि ह्या खेपेस ते गेले. आमच्या काही वाचकांस येथे आश्चर्य वाटेल. ज्याने अडीचशे सोडून पन्नास घेतले, तो परदेशी वेतनाकडे पुन्हा का वळला? पण आता हिशेबाच्या वहीत एक नवे पान आले होते. मुले वाढत होती. त्यांनी माणिक व दामोदर ह्या दोघांस बरोबर नेले व त्यांच्या शिक्षणाची तिकडे सोय केली. बाकीचे कुटुंब मागे राहिले, आणि विरहाचा भार पुन्हा बाळाबाईंवर पडला. पुढे दामोदर १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले व गणिती आणि इतिहाससंशोधक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली. ज्या बापास शाळा धड मिळाली नाही, त्याने परदेशात शिकवून मिळविलेल्या पैशातून मुलांस शाळा दिली. मोठे वेतन घेणे हे त्यांच्या लेखी पाप नव्हते. ते कशाकरिता घ्यावयाचे एवढे त्यांस पक्के ठाऊक असे.

१९२२ साली परत आल्यावर महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात ते अहमदाबादेस १९२५ पर्यंत राहिले. तेथील वेतनाची हार्वर्डशी तुलना करण्याचे कारणच नव्हते. १९२४ साली निवेदन हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९२६ साली व पुन्हा १९३१ साली ते हार्वर्डला जाऊन आले. मध्यंतरी १९२९ साली रशियात लेनिनग्राड येथेही त्यांनी अध्यापन केले. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा चौपन्नाव्या वर्षात असलेले हे आचार्य शिरोड्याच्या सत्याग्रहात स्वयंसेवकांबरोबर होते. १९३७ साली मुंबईत परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजनविहार स्थापिला. तेथे गिरणीतील कामकऱ्यांस व दलित बांधवांस बुद्धाची शिकवण त्यांच्याच भाषेत सांगावी हा त्यांचा हेतू होता. जो मनुष्य हार्वर्डच्या पंडितांस शिकवीत होता, त्यास चाळीच्या अंगणात बसून शिकविण्यात कमीपणा वाटला नाही. भगवान बुद्ध हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ ह्याच उत्तरकाळातील होय. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेविला.

हे चरित्र वाचून प्रत्येकाने अडीचशे टाकून पन्नास घ्यावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याच्या घरी वृद्ध आईबाप आहेत, बहिणीचे शिक्षण अपुरे आहे किंवा वडिलांचे कर्ज फेडावयाचे आहे, त्याने मोठे वेतन घेणे हाच त्याचा धर्म असेल. परंतु धर्मानंदांच्या वहीत चार रकाने आढळतात, ते आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत आखून ठेवावे. प्राप्ती किती, हा पहिला. जेथे प्राप्ती होते तेथील खर्च किती, हा दुसरा. आपल्या जाण्याने मागे राहिलेल्यांवर काय भार पडतो, हा तिसरा. आणि आपण केलेल्या कामाचे लोकांजवळ काय उरते, हा चौथा. पहिले दोन रकाने आमच्या गावी सर्वांनाच भरता येतात. तिसरा भरताना धर्मानंदांचाही हात काही वर्षे आखडला होता, आणि म्हणूनच त्यांचे चरित्र वाचताना बाळाबाईंचे नाव विसरू नये. चौथा रकाना मात्र त्यांनी असा भरला की, तो आज इतक्या वर्षांनीही वाचता येतो.

पुढील सहलीत कान्हेरीस गेलात, तर लेण्याच्या भिंतीवरील त्या अक्षरांपाशी क्षणभर थांबा. कल्याणच्या कोण्या व्यापाऱ्याने आपल्या प्राप्तीतून काही भाग बाजूस काढिला म्हणून तो लेख तेथे आहे. त्या व्यापाऱ्याच्या दुकानात त्या वर्षी नफा किती झाला हे कोणास ठाऊक नाही. त्याने दिले काय, तेवढेच दगडावर राहिले आहे.